धुकं दहाला उठतं, शहर साडेसहाला

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांशी डिसेंबरात फोनवर बोलणं झालं की एक वाक्य हमखास कानावर येतं. "मजा आहे बुवा तुमची, मस्त धुकं पडत असेल!" त्यांचं काही चुकत नाही. त्यांच्याकडे धुकं म्हणजे सिंहगडावरची पहाट, माळशेज घाटातला फोटो, टपरीवरचा चहा. आमच्या ग्वाल्हेरात त्याला कोहरा म्हणतात. चार-पाच पिढ्या शहराच्या लष्कर नावाच्या भागात काढलेल्या मराठी घरांतही सकाळी खिडकी उघडल्यावर "कोहरा पडलाय गं" असंच तोंडून निघतं. आणि लगेच पुढचा प्रश्न येतो: आज घरातलं कोण कोण बाहेर पडलंय?

मी याच लष्कर भागात राहते आणि डबऱ्याच्या एका महाविद्यालयात शिकवते. जायला चाळीस-बेचाळीस किलोमीटर, यायला तेवढेच. गेली कित्येक वर्षं हा रस्ता मी स्वतः गाडी चालवत करते आहे. त्यातली एक सकाळ सांगते, कारण मला जे म्हणायचंय ते मला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं.

जानेवारी होता. आदल्या दिवशी मावठा होऊन गेला होता. मावठा म्हणजे हिवाळ्यातला बारीक पाऊस, इथल्या गव्हा-मोहरीला तो हवाच असतो. रात्री आभाळ लख्ख निवळलं, वारा पडला. सकाळी पावणेसातला मी निघाले तेव्हा समोरच्या घराचं फाटक दिसत नव्हतं. परीक्षेचा दिवस होता, जाणं भाग होतं. शहर संपलं, जौरासीची घाटी चढल्याचं फक्त इंजिनाच्या आवाजावरून कळलं, देऊळ काही दिसलं नाही. टेकनपूरच्या अलीकडे धुकं इतकं दाटलं की मी काच खाली केली, दिव्यांचा झोत खाली टाकला आणि डाव्या कडेचा पांढरा पट्टा नजरेनं धरून पंचवीसच्या वेगानं चालले. तेवढ्यात समोर, माणसाच्या छातीच्या उंचीवर, काहीतरी लुकलुकलं. तो दिवा नव्हता, दिवा असा हलत नाही. पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी थांबली तेव्हा तिचं नाक आणि धानानं भरलेल्या ट्रॉलीचं मागचं फळकूट यांच्यामध्ये एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा होती.

ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता. ट्रॅक्टरचा टायर बसला होता म्हणून ती अर्धी डांबरावर, अर्धी कच्च्यात उभी होती. लुकलुकत होती ती वेफर्सची रिकामी पाकिटं. फाडून, उलटी करून, आतली चंदेरी बाजू बाहेर काढून ती सुतळीत ओवली होती आणि तोरणासारखी फळकुटावर बांधली होती. मफलर गुंडाळलेले एक वयस्कर बाबा धुक्यातून पुढे आले आणि पहिलं वाक्य बोलले ते माझ्याच काळजीचं: "बिटिया, गाड़ी आगे लगा लो, पीछे से कोई ठोक देगा." मी गाडी पुढे नेऊन कच्च्यात उतरवली. परत येऊन विचारलं, ही पाकिटं कुणी बांधली? "हमाई नातिन ने. चमकत हैं."

मग मी एक गोष्ट केली. रस्त्याच्या कच्च्या कडेनं, पाकिटांकडे बघत, पावलं मोजत मागे मागे चालत गेले. अठराव्या पावलावर पाकिटं दिसेनाशी झाली.

अठरा पावलं म्हणजे फार तर १३ मीटर. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर दाबला जाईपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे २५ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकांची गाडी पूर्ण थांबायला पुढे आणखी वीस-पंचवीस मीटर. एकूण ५०. हवामान खातं दृश्यता २०० मीटरच्या खाली गेली की दाट धुकं म्हणतं आणि ५०च्या खाली गेली की अति दाट. म्हणजे अति दाट धुक्यात ६०नं जाणारा माणूस डोळे उघडे ठेवूनही डोळे मिटल्यासारखाच चाललेला असतो. मी २५वर होते म्हणून वाचले, हे खरं. पण त्या कच्च्या कडेवर उभी असताना मला जास्त भीती वाटली ती दुसऱ्याच हिशेबाची. त्या दाट दुधात २५नं चालणारी मी, मागून ६०नं येणाऱ्या डंपरसाठी कोण होते? बिलौआच्या क्रशरवरून गिट्टी भरून निघालेल्या त्या डंपरसाठी मी म्हणजे चाकं असलेली एक बिनदिव्याची ट्रॉलीच होते. माझ्यापुरता शहाणपणा मी केला होता, पण तो माझ्या मागच्याला दिसत नव्हता.

धुक्याच्या दिवसांत वर्तमानपत्रांतून, शाळांच्या नोटिसांतून, घरच्या मोठ्यांच्या तोंडून एकच सल्ला मिळतो: सावकाश चालवा. सल्ला बरोबर आहे आणि अपुरा आहे. धुक्यात एक जण २०नं चालतो, दुसरा ४०नं, तिसऱ्याला वाटतं आपल्याला रस्ता पाठ आहे. जो जास्त काळजी घेतो तो इतरांच्या वाटेतला अडथळा ठरतो. मोकळ्या हवेत प्रत्येकानं आपापलं सांभाळलं तरी निभतं, कारण सगळे एकमेकांना दिसत असतात. धुकं नेमकी तीच गोष्ट काढून घेतं. म्हणून धुक्यापुरता निर्णय प्रत्येक चालकाच्या अकलेवर सोडून भागत नाही. तो सगळ्यांसाठी एकत्र, आणि आधी, घ्यावा लागतो. तो घेण्याचं काम शहराचं आहे.

शहर तो घेत नाही, कारण आमच्याकडे एक वाक्य आहे: "आपल्याकडे थंडी असतेच किती दिवस?"

या वाक्यात आमचा सगळा स्वभाव आहे. ग्वाल्हेर हे उन्हाळ्याचं गाव. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, त्या हिशेबानं आमचे जुने वाडे बांधलेले: जाड भिंती, उंच छत, मधला चौक. कूलर दुरुस्त करणारा प्रत्येक गल्लीत सापडतो. थंडी आम्हाला पाहुणी वाटते, आणि लाडकी पाहुणी वाटते. तिच्यासोबत मुरैन्याची गजक येते, दत्तजयंती येते, हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी गाणं ऐकायला जायचे दिवस येतात, संक्रांत येते. पारा चार-पाच अंशांवर उतरला की चौकाचौकात अलाव म्हणजे शेकोट्या पेटतात, रैन बसेऱ्यांत, म्हणजे बेघरांच्या रात्रनिवाऱ्यांत, रजया येतात. हे काम शहराला येतं, कारण ते जुनं आहे. वेगवान रस्त्यावरचं धुकं मात्र नवं आहे. माझ्या लहानपणी इथले मोठे रस्ते दोन पदरी होते, ट्रक चाळिशीच्या पुढे क्वचित जायचे. कोहरा तेव्हाही पडायचा. मग उत्तर-दक्षिण कॉरिडॉर आला, आग्र्याहून धौलपूर, मुरैना, ग्वाल्हेर, डबरा, दतिया करत झाशीकडे जाणारा रस्ता चौपदरी झाला, आता तो राष्ट्रीय महामार्ग ४४ आहे. वेग दुप्पट झाला, माणसाची नजर होती तेवढीच राहिली.

थंडी थोडे दिवस असते हे खरं आहे. पण धोका नेमका त्या थोडेपणातच आहे. ज्या गावात चार महिने बर्फ असतो तिथला चालक पहिल्या आठवड्यात घसरतो आणि उरलेले महिने शिकलेला असतो. आमचा चालक धुक्यात चार-सहा सकाळी गाडी चालवतो, थोडा सरावतो, तोवर फेब्रुवारी येतो. पुढच्या डिसेंबरात तो पुन्हा नवशिका असतो.

हे दुखणं फक्त आमचं नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत अटलांटा नावाचं मोठं शहर आहे, हवा एरवी उबदार. २८ जानेवारी २०१४ला तिथे दोन-तीन इंच बर्फ पडला. उत्तरेकडच्या शहरात एवढ्या बर्फाची कुणी दखलही घेतली नसती. अटलांट्यात दुपारी बर्फ पडायला लागल्यावर शाळा, कचेऱ्या, दुकानं सगळी एकाच वेळी सुटली. लाखो गाड्या एकदम रस्त्यावर आल्या, मीठ आणि वाळू टाकणारी वाहनं त्याच गर्दीत अडकली, चाकांखालचा बर्फ गोठून काचेसारखा झाला. माणसं गाड्यांमध्ये रात्रभर अडकली, कित्येक जण गाडी सोडून पायी घरी गेले, हजारो मुलं शाळेतच झोपली. तेव्हा तिथल्या चालकांची पुष्कळ थट्टा झाली. मला ती थट्टा अन्यायाची वाटते. उत्तरेतला चालक जन्मतः शहाणा नसतो. त्याच्या गावानं रात्रीच रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असेल तर हिवाळी टायर लावणं बंधनकारक आहे, तारखा नियमातच लिहिल्या आहेत. चालकाच्या आधी तिथे गाव तयार झालेलं असतं.

दुसरं उदाहरण जास्त दुःखाचं आहे. ११ फेब्रुवारी २०२१, टेक्सासमधलं फोर्ट वर्थ. पहाटे पडता क्षणी गोठणारा पाऊस झाला, उंचावरून जाणाऱ्या वेगवान मार्गिकेवर बर्फाचा अदृश्य थर बसला. १३०च्या आसपास वाहनं एकमेकांवर आदळली, सहा माणसं गेली. पहिली गाडी घसरली ती एकट्या चालकाची चूक म्हणू या. पण शंभरावी? तिला पुढे काय झालंय हे सांगणारं कुणी नव्हतं.

आमचं खरं जुळं भावंड मात्र कॅलिफोर्नियात आहे. तिथल्या मध्य खोऱ्यात, फ्रेस्नोच्या आसपास, हिवाळ्यात पाऊस पडून गेला, आभाळ निवळलं, वारा पडला की रात्री जमिनीची ऊब वर निघून जाते आणि ओल्या जमिनीलगतच्या हवेतली वाफ गोठून नव्हे तर दाटून धुकं होतं. दलदलीत उगवणाऱ्या टुली नावाच्या लव्हाळ्यावरून त्याला टुली धुकं म्हणतात. हवा आमच्यासारखीच सौम्य, शेती आमच्यासारखीच पाण्यावरची, सकाळ आमच्यासारखीच आंधळी. नोव्हेंबर २००७मध्ये तिथल्या हायवे ९९वर या धुक्यात शंभराहून जास्त वाहनं एकमेकांवर आदळली, दोन माणसं दगावली. त्यानंतर त्या पट्ट्यात दृश्यता आणि वाहनांचा वेग मोजणारी यंत्रं आणि पुढची खबर देणाऱ्या पाट्या बसल्या. पण मला यंत्रांपेक्षा तिथल्या दोन साध्या गोष्टींचं अप्रूप आहे. एक, दाट धुक्यात महामार्ग पोलिसांची गाडी पुढे चालते आणि बाकीच्या वाहनांना एका ठरलेल्या सावकाश वेगानं मागे घेऊन जाते. म्हणजे सगळ्यांचा वेग एक. त्या सकाळी मला जो प्रश्न पडला होता त्याचं हे थेट उत्तर आहे. आणि दोन, तिथल्या शाळांचं धुक्याचं वेगळं वेळापत्रक असतं. धुकं असेल तर बस दोन तास उशिरा निघते, ते उठलं नाही तर आणखी उशिरा, नाहीतर सकाळच्या फेऱ्याच रद्द. पालकांना हे वर्षाच्या सुरुवातीलाच माहीत असतं. रात्री नऊ वाजता मोबाइलवर आदेश येतोय का याची वाट बघत बसावं लागत नाही.

दोन तासच का? कारण धुक्याला घड्याळ असतं. आमच्याकडे ते बहुतेक मध्यरात्रीनंतर धरतं, पहाटे दाटतं, आणि सूर्य उगवल्या उगवल्या विरळ होण्याऐवजी बऱ्याचदा अर्धा-पाऊण तास आणखी दाटतं, कारण तेव्हा जमिनीलगतची हवा जरा ढवळली जाते. जानेवारीत आमचा सूर्य सातनंतर उगवतो. म्हणजे साडेसहा ते आठ हा वेळ सगळ्यात वाईट. दहाच्या सुमारास ते उठायला लागतं. काही दिवस ते दिवसभर उठत नाही, ढगासारखं छतावर बसून राहतं, पण तेव्हाही खाली रस्ता बरा दिसतो. आणि आपण काय करतो? ऐन साडेसहाला, अंधारात, शहरातल्या सगळ्यात लहान माणसांना पिवळ्या बसमध्ये आणि सहा-सहा जणांना एका ई-रिक्षात बसवून रस्त्यावर आणतो.

मला माहीत आहे की डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या वेळा बदलण्याचे, लहान वर्गांना सुट्टी देण्याचे आदेश निघतात. निघतात हे चांगलंच आहे. पण ते थंडी वाढल्यावर निघतात, दोन-तीन दिवसांपुरते निघतात, संपले की पुन्हा वाढवले जातात. ज्या घरात आई-वडील दोघंही कामावर जातात त्या घरात असा प्रत्येक आदेश म्हणजे रात्री नऊनंतरची फोनाफोनी: उद्या मुलाला कुणाकडे ठेवायचं? माझं म्हणणं याच्या उलट आहे. दरवर्षी साधारण २० डिसेंबर ते २० जानेवारी हा महिना शहरानं उशिराचा महिना म्हणून आधीच ठरवून टाकावा. सुट्टी नको. उशीर गृहीत धरावा. शाळा साडेदहाला, म्हणजे मुलं साडेनऊच्या आत रस्त्यावर नकोत. महाविद्यालयं आणि परीक्षा अकराला, कचेऱ्या त्याच्या पुढे-मागे. एखादी सकाळ स्वच्छ निघाली तर निघाली, उशिरा उठल्यानं कुणाचं नुकसान होत नाही. हे वेळापत्रक दिवाळीच्या आत प्रत्येक घराच्या हातात असावं.

यावर पहिला आक्षेप माझ्याच सहकाऱ्यांनी घेतला: शिकवण्याचे तास बुडतील. नाही बुडणार, पुढे सरकतील. दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळांची अडचण खरी आहे आणि तिथे महिनाभर तास लहान करावे लागतील. तेवढी किंमत मला जड वाटत नाही. दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा आहे. दूध, भाजी, पेपर यांना उशीर करता येत नाही. मुरैन्याकडच्या गावांतून मोटारसायकलला दोन्ही बाजूंना कॅन लटकवून येणारा दूधवाला पहाटेच येणार. त्याला मी दहाला ये म्हणू शकत नाही, दूध नासेल आणि त्याचा दिवसही. पण ज्यांना थांबता येतं ते सगळे थांबले तर ज्यांना थांबता येत नाही त्यांना रस्ता मोकळा मिळतो. आज साडेसहाच्या धुक्यात तो दूधवाला शाळेच्या बस, कोचिंगला निघालेल्या मुलांच्या स्कूटी आणि रात्रभर चालून झोपाळलेले ट्रक यांच्या मधून वाट काढतो. शहर उशिरा उठलं तर सगळ्यात जास्त फायदा त्याचा आहे. फक्त अटलांट्याची चूक नको. सगळ्यांनी एकदम थांबून दहाच्या ठोक्याला एकदम बाहेर पडायचं नाही, वेळा अर्ध्या-अर्ध्या तासानं पुढे-मागे ठेवायच्या.

दाट धुक्यात ट्रकही थांबवावेत असं मी म्हणते, त्यावर तिसरा आक्षेप ट्रकमालकांचा. चार तास गाडी उभी राहिली तर भाडं कोण देणार? त्यांना मी रेल्वेकडे बघायला सांगते. आमच्याच स्टेशनावरून जाणाऱ्या दिल्ली-झाशी मार्गावरच्या रेल्वेनं धुक्याला कधी अचानक आलेलं संकट मानलं नाही. जुन्या काळी सिग्नलच्या २७० मीटर आधी रुळावर फटाके लावायचे, चाक त्यावरून गेलं की आवाज होतो आणि चालकाला कळतं की सिग्नल जवळ आला. सिग्नल ओळखू यावा म्हणून रुळांवर आडवे चुन्याचे पट्टे ओढतात. आता इंजिनात उपग्रहाच्या मदतीनं पुढचा सिग्नल किती दूर आहे ते सांगणारं यंत्र असतं आणि तरीही धुक्यात वेग ताशी ७५च्या वर न्यायचा नसतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत कोणत्या गाड्या रद्द राहणार याची यादी आधीच छापून येते. आम्ही प्रवासी वैतागतो, शताब्दी चार तास उशिरा आली की चिडतो, पण घरी पोचतो. रेल्वेनं उशीर पत्करला आणि माणूस वाचवला. रस्त्यावर आपण याच्या अगदी उलट सौदा करून बसलो आहोत.

रस्त्यावरही हे जमतं, याचा दाखला आमच्यापासून फार लांब नाही. आग्र्याला संपणाऱ्या यमुना एक्सप्रेसवेवर १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी मोटारींची वेगमर्यादा १००वरून ७५वर आणतात. तारीख ठरलेली आहे, धुकं पडो न पडो. ७५सुद्धा अति दाट धुक्यात जास्तच आहे, वरचा हिशेब पाहा. पण तारीख ठरवली, हे तत्त्व बरोबर आहे. आमच्या चौपदरी रस्त्यावर टोलनाके आहेतच. पहाटे तीन ते नऊ, दृश्यता ५०च्या खाली गेली की अवजड वाहनं नाक्यावर थांबवावीत, अलाव आणि चहाची सोय करावी, आणि सोडायची तर पोलिसांच्या गाडीमागे वीस-वीसच्या टोळीनं, एका वेगानं सोडावीत. अंदाज आधी मिळत नाही ही सबब आता फारशी चालणार नाही. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१५च्या हिवाळ्यापासून दिल्लीच्या विमानतळावर धुकं कधी धरतं आणि कधी उठतं याची मोजमापं चालवली आहेत, आणि हवामान खातं धुक्याचा इशारा आदल्या दिवशी देतं. विमानांसाठी जे कळतं ते दूधवाल्यापर्यंतही पोचायला हवं.

पांढऱ्या पट्ट्यांचं मात्र मला इथे थांबून सांगायचंय. त्या सकाळी माझ्यापाशी एकच आधार होता, डाव्या कडेचा तो पट्टा. तो मध्येच दोन-तीन ठिकाणी पुसलेला होता, आणि तिथे मी गाडी अक्षरशः माणसाच्या चालीनं नेली, कारण पुढे रस्ता आहे की खड्डा हेच कळत नव्हतं. उन्हाळ्यात रंगवलेला पट्टा पावसाळ्यात चिखल आणि टायरांनी झिजतो आणि ज्या महिन्यात त्याची खरी गरज असते त्या महिन्यात तो सगळ्यात फिका असतो. पट्टे ओढायचे तर नोव्हेंबरात ओढावेत. कॅट-आय, म्हणजे रस्त्यात बसवलेले चमकणारे खडे, तेव्हाच तपासावेत, दुभाजकाच्या टोकांना लाल पट्ट्या तेव्हाच लावाव्यात. यात नवा खर्च फारसा नाही, फक्त महिना बदलायचा आहे.

केंद्राच्या रस्ते अपघात अहवालात हवामानाचा वेगळा तक्ता असतो आणि त्यात धुक्याचा रकाना असतो. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली धुक्यातली किती हे त्या रकान्यात मोजलं जातं, दरवर्षी. माणसं गेल्यावर त्यांना मोजायला जागा केलेली आहे, तर ती जाण्याआधी आपल्या शहराच्या दिनदर्शिकेतही धुक्याला जागा हवी.

आणि ट्रॉल्या. नोव्हेंबर-डिसेंबरात डबऱ्याच्या मंडीत धानाची आवक असते. आसपासच्या गावांतून शेकडो ट्रॉल्या रात्रीच निघतात, नंबर लागावा म्हणून. शेतकरी बेफिकीर असतो असं म्हणणाऱ्यांना मी त्या नातीची पाकिटं दाखवीन. ज्या घरात वेफर्सच्या पाकिटांचं तोरण करून आजोबांच्या ट्रॉलीला बांधतात, त्या घराला धोका पुरेपूर कळलेला आहे. फक्त त्यांच्या हातात टेप नाही. एका ट्रॉलीला लागणारी रिफ्लेक्टिव्ह टेप एका पोत्या धानापेक्षा स्वस्त पडते. मंडीच्या फाटकावर पावती फाडतात तिथेच टेप लावली जावी, आणि टेप नसलेल्या ट्रॉलीला दंड न करता ती लावूनच आत सोडावं. दंडानं शेतकरी रस्ता बदलेल, टेपनं तो रात्री घरी पोचेल.

गेल्या डिसेंबरात मी आणि माझ्या तीन विद्यार्थिनी टेपचा एक रोल घेऊन मंडीच्या फाटकाशी उभ्या राहिलो. काम वाटतं तेवढं सोपं नाही. गंजलेल्या, दवानं ओल्या पत्र्यावर टेप धरत नाही. आधी तारेच्या घासणीनं गंज काढायचा, डिझेलच्या फडक्यानं धूळ पुसायची, मग कोरडं फडकं, मग टेप लावून तळहातानं जोरात घासायची, नाहीतर थंडीत तिची कड उचलली जाते. एका ट्रॉलीला तीन मीटर टेप आणि दहा मिनिटं लागत होती. एका तरुण पोरानं फडकं आमच्या हातातून घेतलं आणि स्वतःच पुढच्या ट्रॉलीचा पत्रा पुसायला लागला. म्हणाला, माझ्या भावाची ट्रॉली मागे आहे, तिच्यासाठी ठेवा.

पंधराव्या ट्रॉलीला रोल संपला. तेव्हा मागची रांग फाटकाबाहेर, हायवेच्या कडेपर्यंत गेली होती.